टेबलावरचा अंधार: कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांतील संवेदनशील विषयांचा आढावा

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर होतो: तो जग उभे करतो, गावे आणि गुहा रंगवतो, शत्रूंच्या तोंडी बोलतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्र काय करू पाहते हे खेळाडू सांगतो, ते जमले की फसले हे फासे ठरवतात. पुढचे पान आधी लिहिलेले नसते, गोष्ट सांगता सांगता घडत जाते. टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा हा साधा साचा गेली पन्नास वर्षे टिकून आहे. या गोष्टींत तलवारी, ड्रॅगन आणि जादू असतात, तसेच युद्ध, छळ, गुलामगिरी, वंशद्वेष आणि लैंगिक हिंसाही येतात. असे विषय टेबलावर आणावेत का, आणल्यास कसे, हा वाद खेळाइतकाच जुना आहे. मात्र वादाचे स्वरूप प्रत्येक टप्प्यावर बदलत गेले. त्या बदलांचा आणि आजच्या स्थितीचा हा आढावा.

प्रश्न वेगळा का आहे

क्रौर्य साहित्याला नवे नाही. कादंबरी असह्य झाली तर वाचक ती मिटतो, नाटक नकोसे झाले तर प्रेक्षक उठून जातो. रोलप्लेइंग गेममध्ये या दोन्ही वाटा अवघड होतात. ऐकणारा इथे कथेचा सहलेखक असतो आणि पात्राबद्दल बोलताना 'मी' म्हणतो. समोर लेखक बसलेला नसतो, आपला मित्र किंवा तासाभरापूर्वी ओळख झालेला माणूस बसलेला असतो. उठून जाणे म्हणजे त्या माणसांना सोडून जाणे, आणि बहुतेकांना ते जड जाते. शिवाय कथा आधी ठरलेली नसल्याने पुढच्या क्षणी काय येईल याची सूचना कोणालाच नसते.

पात्राच्या भावना खेळाडूत आणि खेळाडूच्या भावना पात्रात झिरपतात, याला या क्षेत्रात 'ब्लीड' म्हणतात. एमिली केअर बॉस या अमेरिकन गेम डिझायनरने २००७ मध्ये ही संज्ञा वापरली आणि उत्तर युरोपातील लाइव्ह रोलप्लेच्या, म्हणजे टेबलाऐवजी प्रत्यक्ष वावरून पात्र साकारण्याच्या, वर्तुळात ती रुजली. सारा लिन बोमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचा पुढे विस्तार केला. ब्लीड वाईटच असतो असे कोणी म्हणत नाही. अनेकांना त्याचसाठी खेळायचे असते. पण तो होतो हे मान्य केले की 'ही तर नुसती गोष्ट आहे' हे उत्तर पुरत नाही.

पहिला टप्पा: बाहेरून आलेली भीती

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून, टीएसआर या कंपनीने प्रसिद्ध केला. पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, मिशिगन स्टेट विद्यापीठातून एक विद्यार्थी बेपत्ता झाला. विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत तो हा खेळ खेळायला गेला असावा, असा तर्क वृत्तपत्रांत पसरला. तो तर्क चुकीचा होता. मुलाच्या अडचणी निराळ्या आणि खोल होत्या. पण बातमीने पकड घेतली होती. रोना जाफे यांची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी १९८१ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी टॉम हँक्स यांची भूमिका असलेला दूरचित्रपट आला.

पुढे पॅट्रिशिया पुलिंग यांनी आपल्या मुलाच्या आत्महत्येनंतर या खेळांविरोधात संघटना काढली. १९८५ मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने या आरोपांवर भाग केला. काही ख्रिस्ती प्रचारकांनी खेळाला सैतानपूजेचे दार ठरवले. खेळामुळे आत्महत्या किंवा गुन्हे घडतात या दाव्याला पुराव्याचा आधार मिळाला नाही. गेम डिझायनर मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० मध्ये पुलिंग यांच्या दाव्यांची सविस्तर चिरफाड केली. जोसेफ लेकॉक यांनी 'डेंजरस गेम्स' (२०१५) या ग्रंथात हा सारा काळ धर्म आणि कल्पित विश्व यांच्या नात्याच्या अंगाने तपासला.

तरीही या भीतीचा खेळावर परिणाम झाला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून टीएसआरने 'डीमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द काढले. त्याच प्राण्यांना पुढे 'तनारी' आणि 'बाटेझू' अशी नावे मिळाली. मारेकऱ्याचा पेशाही वगळला. या काळाने दोन वारसे मागे ठेवले. एक, प्रकाशकाने बाहेरच्या दडपणाखाली विषय पुसून टाकण्याची पद्धत. दुसरा, जुन्या खेळाडूंच्या मनात घर करून राहिलेला संशय: खेळातल्या आशयाबद्दल कोणी शंका काढली की बंदीची तयारी चालली आहे, असे त्यांना वाटते. पुढच्या वादांतला बराचसा कडवटपणा या दुसऱ्या वारशातून आला आहे.

दुसरा टप्पा: प्रौढ आशयाचा शोध

याच काळात खेळांच्या आतून वेगळा प्रवाह निघाला होता. सँडी पीटरसन यांच्या 'कॉल ऑफ कथुल्हू' (१९८१) मध्ये पात्राचे मानसिक संतुलन आकड्यात मोजले जाते आणि भीषण सत्य कळत जाईल तसे घटते. मार्क राइन-हेगन यांच्या 'व्हँपायर: द मास्करेड' (१९९१) मध्ये खेळाडू स्वतःच रक्तपिपासू होतो आणि आपल्यातले माणूसपण किती काळ टिकते हे पाहतो. अंधार इथे मारून टाकायच्या शत्रूत नव्हता, खेळाच्या गाभ्यात होता.

१९९७ मध्ये 'व्हँपायर'ची प्रकाशक व्हाइट वुल्फने आपल्या प्रौढांसाठीच्या नाममुद्रेखाली, मृतात्म्यांविषयीच्या 'रेथ' या खेळासाठी ज्यूंच्या संहारावर पुस्तक काढले. विषय ऐकून अनेकांना धक्का बसला, पण पुस्तकातील गांभीर्याची दखलही घेतली गेली. २००२ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी माँटी कुक यांचे 'बुक ऑफ व्हाइल डार्कनेस' प्रौढ वाचकांसाठीचा इशारा लावून आले. त्यात दुष्टपणाची सामग्री भरपूर होती. ती टेबलावर कशी हाताळावी याचे मार्गदर्शन त्या मानाने थोडे होते. दोन्ही पुस्तकांचे विषय जड होते, पण हाताळणीत मोठे अंतर होते.

छोट्या स्वतंत्र प्रकाशनांनी हाताळणीचा प्रश्न नियमांतच सोडवू पाहिला. जेसन मॉर्निंगस्टार यांचा 'ग्रे रँक्स' (२००७) १९४४ च्या वॉर्सा उठावातल्या किशोरवयीन लढवय्यांविषयी आहे. उठाव चिरडला जाणार हे खेळाडूंना सुरुवातीपासून ठाऊक असते, त्यामुळे जिंकण्याची धडपड संपते आणि मुलांनी काय गमावले याकडे लक्ष जाते. त्याच वर्षी ज्युलिया बाँड एलिंगबो यांचा अमेरिकन गुलामगिरीवरचा 'स्टील अवे जॉर्डन' आला. 'ब्लूबियर्ड्स ब्राइड' (२०१७) हा परीकथेवर बेतलेला भयखेळ आहे. त्यात सगळे खेळाडू मिळून एकाच नववधूच्या मनाचे वेगवेगळे अंश होतात, त्यामुळे तिच्यावरचे संकट कोणालाही दुरून न्याहाळता येत नाही. विषय कोणता यापेक्षा नियम खेळाडूला कुठे उभे करतात हे महत्त्वाचे, हा या खेळांचा धडा आहे.

तिसरा टप्पा: संमतीची साधने

रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये 'सेक्स अँड सॉर्सरी' या पुस्तकात 'लाइन्स' आणि 'व्हेल्स' अशी विभागणी मांडली. लाइनपलीकडची गोष्ट खेळात येणारच नाही. व्हेलमागची गोष्ट घडेल, पण पडद्याआड, वर्णनाशिवाय. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन स्टाव्ह्रोपूलॉस यांनी एक्स-कार्ड मांडले. टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेले कार्ड ठेवायचे. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग गाळून पुढे जायचे आणि कारण विचारायचे नाही. बो शेल्डन यांच्या 'स्क्रिप्ट चेंज'ने थांबवणे, मागे नेणे, पुढे पळवणे अशा व्हिडिओच्या बटणांसारख्या सूचना दिल्या. लाइव्ह रोलप्लेमधून 'ओपन डोअर'चा संकेत आला: कोणीही, केव्हाही, स्पष्टीकरण न देता उठून जाऊ शकतो.

२०१९ हे वर्ष कलाटणीचे ठरले. त्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील यूके गेम्स एक्स्पो या खेळमेळाव्यात एका गेम मास्टरने खेळाडूंना कल्पना न देता त्यांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराचा प्रसंग लादला. आयोजकांनी त्याचे बाकीचे खेळ रद्द करून त्याला बाहेर काढले. त्याच वर्षी शॉन रेनॉल्ड्स आणि शॅना जर्मेन यांची 'कन्सेंट इन गेमिंग' ही विनामूल्य पुस्तिका आली. कोणता विषय चालेल, कोणता बेताने चालेल आणि कोणता अजिबात नको, हे भरायचा तक्ता तिच्यात होता. किएना शॉ आणि लॉरेन ब्रायंट-मंक यांनी विखुरलेली साधने एका संचात एकत्र केली. पुढच्या वर्षी एका लोकप्रिय थेट प्रक्षेपित खेळात हजारो प्रेक्षकांसमोर असाच प्रसंग घडला आणि ती मालिका बंद पडली. नोव्हेंबर २०२० मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या अधिकृत पुस्तकात 'सेशन झिरो'वर विभाग आला. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी बसून अपेक्षा आणि मर्यादा ठरवायची ही बैठक. भयकथांवरच्या 'व्हॅन रिक्टन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट' (२०२१) ने हे मार्गदर्शन आणखी पुढे नेले. छोट्या वर्तुळातल्या कल्पना वीसेक वर्षांत मुख्य प्रवाहात पोहोचल्या.

साधनांविषयीचे मतभेद

साधनांच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. मेळाव्यात आणि ऑनलाइन टेबलांवर अनोळखी माणसे एकत्र खेळतात, तिथे विश्वासाची गंगाजळी नसते. नवख्या किंवा बुजऱ्या खेळाडूला 'नको' म्हणायला शब्द सापडत नाहीत, त्याला एक खूण पुरते. आणि थांबण्याची खात्री असेल तरच लोक खोल पाण्यात उतरतात, म्हणून साधने असलेले टेबल अधिक धीटपणे खेळू शकते.

शंका घेणाऱ्यांचे म्हणणेही विचारात घेण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे एकत्र खेळणारे मित्र एकमेकांचे चेहरे ओळखतात, त्यांना तक्ते परके वाटतात. भयकथा अस्वस्थतेवरच उभी असते, आणि काय येणार याची यादी आधी वाचली तर अर्धी भीती तिथेच ओसरते. अस्वस्थ होणे आणि इजा होणे यांत फरक आहे, तो साधने पुसट करतात, असाही आक्षेप आहे. कार्ड टेबलावर ठेवले म्हणजे काम झाले, असे मानणारा बेफिकीर गेम मास्टर पूर्वीइतकाच धोकादायक राहतो, हे तर साधनांचे समर्थकही मान्य करतात.

तिसरी भूमिका आघात सोसलेल्यांच्या बाजूने येते. या विषयावर लिहिणाऱ्या पी. एच. ली यांच्या मते, जखम कशाने उघडी पडेल हे आधी यादीत लिहिता येतेच असे नाही. प्रसंग झटकन गाळल्याने सगळ्यांचे लक्ष त्या व्यक्तीकडेच वळते आणि तिचा अनुभव बोलण्यायोग्य नाही असा संदेश जातो. त्यांनी सुचवलेल्या 'लक्स्टन' पद्धतीत विषयावर आधी मोकळी चर्चा होते. वेळ आली तर त्या व्यक्तीला कथेची दिशा ठरवण्याचा पूर्ण अधिकार मिळतो, आणि गाळणे हा त्यातला केवळ एक पर्याय असतो. अभ्यासक ॲरन ट्रॅमेल यांनी 'रिपेअरिंग प्ले' (२०२३) मध्ये आणखी मुळाशी हात घातला. खेळ म्हणजे स्वेच्छा आणि आनंद ही व्याख्याच कृष्णवर्णीयांचा इतिहास विसरते, असे ते म्हणतात. खेळात नेहमीच बळजबरी आणि वेदनाही राहिल्या आहेत, तेव्हा संमतीची चौकट लावली की त्या निघून जातील असे धरून चालता येणार नाही.

टेबलावर नसलेल्यांचा प्रश्न

वरची सगळी चर्चा टेबलाभोवती बसलेल्यांची आहे. दुसरा प्रश्न तिथे नसलेल्या माणसांचा आहे: कथा त्यांच्याविषयी काय सांगते?

ऑर्क हे त्याचे सर्वांत जुने उदाहरण. एक संपूर्ण जमात जन्मतःच दुष्ट असेल, तर तिच्या लेकरांचे काय करायचे, हा पेच कित्येक टेबलांवर उभा राहिला आहे. ज्यांच्याकडून ऑर्क आले त्या टॉल्किन यांनाही, एखादी जमात उद्धारापलीकडे असू शकते का, हा प्रश्न अखेरपर्यंत छळत होता. काल्पनिक जमातींची वर्णने खऱ्या वसाहतवादी वर्णनांशी जुळतात, ही टीका जून २०२० मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी मान्य केली. ऑर्क आणि ड्राऊ (भूगर्भातले काळे एल्फ) यांना इतर जमातींइतकेच गुंतागुंतीचे दाखवू, असे त्यांनी जाहीर केले. 'कर्स ऑफ स्ट्राड' या साहसपुस्तकातल्या भटक्या विस्तानी लोकांचे चित्रण रोमा समाजाविषयीच्या पूर्वग्रहांवर बेतलेले होते, तेही बदलले. तरी २०२२ मध्ये 'हॅडोझी' या वानरसदृश जमातीच्या गुलामगिरीच्या कथेवरून आणि चित्रावरून त्यांना माफी मागावी लागली.

'व्हँपायर'च्या पाचव्या आवृत्तीतील एका पुस्तकाने २०१८ मध्ये चेचन्यात समलिंगी पुरुषांच्या चाललेल्या खऱ्या छळाला रक्तपिपासूंच्या कारस्थानाचा मुखवटा चढवला. मालक असलेल्या पॅराडॉक्स कंपनीने माफी मागून तो भाग काढला आणि व्हाइट वुल्फचे स्वतंत्र काम थांबवले. ते पुस्तक वाचणाऱ्या एखाद्या टेबलावर सगळ्यांची संमती असली, तरी चेचन्यात मार खाणाऱ्याला त्या संमतीचा काहीच उपयोग नव्हता.

यावर उपाय काय, याविषयी दोन प्रामाणिक मते आहेत. 'पाथफाइंडर' या दुसऱ्या कल्पनारम्य खेळाच्या प्रकाशकांनी आपल्या जगातल्या गुलामगिरीला कथांतून बाजूला सारायचे ठरवले. खऱ्या अत्याचाराला मनोरंजनाची पार्श्वभूमी करू नये, हा त्यामागचा विचार. यावर काहींचा आक्षेप असा की गुलामगिरी नुसती नाहीशी केली तर तिच्याशी झुंजणाऱ्यांच्या कथाही नाहीशा होतात. क्रिस स्पायव्ही यांचे 'हार्लेम अनबाउंड' (२०१७) दुसरी वाट दाखवते. 'कॉल ऑफ कथुल्हू' ज्यांच्या कथांवर बेतला आहे त्या लव्हक्राफ्ट यांच्या भयविश्वाला त्यांच्या वंशद्वेषाची काळी किनार आहे. स्पायव्ही यांनी ती झाकली नाही. १९२० च्या दशकातील न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले कृष्णवर्णीय नायक त्यांनी त्याच विश्वात उभे केले आणि वंशद्वेष टेबलावर कसा हाताळावा याचे नियमही दिले.

भारताचा धागा

हा प्रश्न आपल्यापर्यंतही येतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षस वाघाच्या तोंडाचा मायावी प्राणी होऊन आला आणि तिथेच राहिला. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये ग्रीक आणि नॉर्स दैवतांसोबत हिंदू दैवतांनाही लढाईचे आकडे दिले गेले. ज्या दैवतांची आजही घरोघरी पूजा होते, त्यांना पूजा थांबलेल्या दैवतांच्या रांगेत बसवताना कोणाला विचारायचे, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या टेबलावर नव्हता. त्याच खेळाच्या २०२२ च्या 'जर्नीज थ्रू द रेडिएंट सिटाडेल' या साहससंग्रहात मिमी मोंडल या भारतीय दलित लेखिकेचे साहस प्रसिद्ध झाले. आपल्या भूमीवर बेतलेले जग इथल्या कोणी रचण्याची ही महत्त्वाची पायरी होती.

मराठी खेळाडूंसाठी कसोटी पुढेच आहे. इथल्या मातीतले कल्पनाविश्व रचायचे झाले की जात येणार. अत्याचार सोसणाऱ्याच्या तोंडी कोणी बोलावे, ही चर्चा दलित साहित्याच्या निमित्ताने मराठीत अनेक दशके झाली आहे. खेळात हा पेच अधिक धारदार होतो, कारण टेबलावर कोणालातरी अत्याचार करणाऱ्याच्या तोंडीही बोलावे लागते, आणि बोलणाऱ्यांची खरी आडनावे सगळ्यांना ठाऊक असतात. त्या मराठी चर्चेचा अनुभव पाश्चात्य साधनसंचांत नाही, तो इथूनच घालावा लागेल.

काय अनिर्णित आहे

पहिली गोष्ट पुराव्याची. साधनांवरचे बहुतांश लेखन अनुभव, मुलाखती आणि निरीक्षणे यांवर उभे आहे. कोणत्या टेबलावर कोणते साधन उपयोगी पडते आणि कुठे निकामी ठरते, याची पद्धतशीर तपासणी तोकडी आहे.

दुसरी गोष्ट जबाबदारीच्या वाटणीची. सगळे ओझे गेम मास्टरवर टाकण्याची सवय अजून मोडलेली नाही. साधने ते ओझे सगळ्यांत वाटतात की कागदोपत्रीच वाटतात, यावर एकमत नाही.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांची. खेळणे थेट दाखवणाऱ्या 'क्रिटिकल रोल' या मालिकेचे प्रक्षेपण २०१५ मध्ये सुरू झाल्यापासून लाखो लोक हे खेळ बघतात. खेळणाऱ्यांनी संमती दिली तरी बघणाऱ्यांना पुरेशी पूर्वसूचना कशी द्यायची, आणि त्यांतल्या मुलांचे काय, हे संकेत अजून घडत आहेत.

चौथी गोष्ट गाळणे की दाखवणे याची. इथे सर्वांना लागू पडणारा नियम मिळण्याची शक्यता कमी. 'हार्लेम अनबाउंड' आणि चेचन्याचे प्रकरण शेजारी ठेवले तर एक धागा मात्र दिसतो: विषय ज्यांचा आहे त्यांना कथेत कर्तेपण मिळाले की त्यांच्या वेदनेचा केवळ रंग वापरला गेला, याने फरक पडतो.

या साऱ्या वादात दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळले जातात. टेबलावर बसलेल्यांना इजा होऊ नये, हा पहिला. टेबलावर नसलेल्यांवर अन्याय होऊ नये, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर संमतीत आहे, ते त्या चार-पाच जणांनी मिळून द्यायचे आहे, आणि प्रत्येक टेबलाचे उत्तर वेगळे असू शकते. दुसऱ्याचे उत्तर संमतीने मिळत नाही. त्यासाठी अभ्यास, त्या समाजातले लेखक आणि चूक दुरुस्त करणारे प्रकाशक लागतात. एक्स-कार्डावर टीका करणारा वंशद्वेषी चित्रणाचे समर्थन करत असतोच असे नाही, आणि ऑर्कांचे वर्णन बदलू पाहणारा सगळ्या टेबलांवर तक्ते लादू पाहतो असेही नाही. हे दोन प्रश्न वेगळे धरले तर निम्मे भांडण आपोआप मिटते. उरलेले निम्मे खरोखर अवघड आहे, आणि या क्षेत्राने पुढचे कष्ट त्यावरच घ्यायला हवेत.